पासंग

काटेकाकांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची बाजारात कुणाची टाप नव्हती. कुणी ‘अंदाजे साडेचार झालेत’ म्हटलं, की काका मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरत, ‘चार सत्तावीस’ म्हणत आणि वरची तीन मिनिटं कुणाच्या घशात घातलीस असं विचारत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून काटेकाका, आणि त्यांच्या जोडीला दुकान सांभाळते म्हणून त्यांची बायको काकू. भाजीवाल्याच्या टांगत्या काट्यापासून गोदामातल्या माणूसभर उंचीच्या काट्यापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. काम झालं की काट्याला शिशाची छोटी चकती लावायची आणि तिच्यावर आपला ठसा दाबायचा. वाटोळ्या रेघेत एक तराजू, एवढासाच ठसा. पण तो दिसला की गिऱ्हाईक वजनावरून हुज्जत घालत नसे.

अशा माणसानं अकरा वर्षं एक गोष्ट मोजली नव्हती, हे सांगितलं तर बाजारात कुणाला खरं वाटलं नसतं. ती गोष्ट म्हणजे झोपेची गोळी.

अकरा वर्षांपूर्वी दुकानाला आग लागली होती. माणसं वाचली, काटे गेले, आणि त्यानंतर काकांच्या डोळ्याला डोळा लागेना. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी एक बारीक गोळी लिहून दिली. झोप आली, काका खूश, डॉक्टरही खूश. दोन आठवडे संपले तरी चिठ्ठी खिशात राहिली. पुढे ते डॉक्टरही वारले, पण चिठ्ठी काही मेली नाही. औषधवाला ओळखीचा होता, काका दिसले की न विचारता पट्टी काढून ठेवायचा. चौथ्या वर्षी एका गोळीनं भागेना म्हणून दोन झाल्या. त्या का झाल्या, हे या काटेकोर गृहस्थानं एकदाही स्वतःला विचारलं नाही.

काकूंनी मात्र घर त्या झोपेच्या मापानं कापून घेतलं होतं. दारांच्या बिजागऱ्यांना त्या दर आठवड्याला तेल घालायच्या. भांड्यांच्या फळीवर त्यांनी जुन्या ब्लँकेटचा तुकडा अंथरला होता. आणि बोलायच्या इतक्या हळू, की शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात आल्यावर मला माझंच ऐकू येतं. लग्नाआधी याच बाई शाळेच्या मैदानावर शिट्टीशिवाय कवायत घ्यायच्या, हे आता त्यांनाही आठवत नसावं.

तर एके दिवशी सकाळी अकराला दुकानात एक बाई आल्या. कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. बाई शिवणकाम करणाऱ्या, म्हणजे मोजमापाच्या बाबतीत त्याही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की दवाखान्यातल्या काट्यावर हिचं जेवढं वजन भरतं, त्यापेक्षा भाजीवाल्याच्या काट्यावर एकशे ऐंशी ग्रॅमनं कमी भरतं. दोन्हीवर ठसा तुमचाच आहे.

“मग तुमचा खरा ठसा कुठला?” त्या म्हणाल्या.

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. दुकान काकूंवर टाकून ते तसेच बाईंबरोबर दवाखान्यात गेले. तिथला बाळांचा काटा त्यांनीच महिन्यापूर्वी नीट केला होता. वर पाळण्यासारखं पारडं, खाली आडवी दांडी आणि तिच्यावर सरकतं वजन. काकांनी पारड्यातली रबरी चटई उचलली आणि काटा बरोब्बर शून्यावर आला. दुरुस्तीच्या दिवशी त्यांनी चटई धुऊन खिडकीत वाळत टाकली होती. काट्याचं शून्य लावलं ते चटईशिवाय. नंतर चटई परत पारड्यात गेली आणि महिनाभर दवाखान्यातलं प्रत्येक बाळ एकशे ऐंशी ग्रॅमनं गुटगुटीत झालं. शिवणवाल्या बाईंच्या मुलीचं वजन त्या महिन्यात वाढलंच नव्हतं. ते वाढलं, असं काकांच्या ठशानं सगळ्यांना सांगितलं होतं.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण शांत डोक्याच्या. त्यांनी आधी मुलीला तपासलं, तिचं दूध कुठे कमी पडतंय ते शोधलं, आईला धीर दिला. वेळेवर कळलं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी काकांना समोर बसवलं. अशा चुका अलीकडे आणखी झाल्यात का, नावं विसरता का, वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही असं होतं का. काका वयाकडे बोट दाखवत होते. औषधं कुठली घेता म्हटल्यावर त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, आणि किती वर्षं म्हटल्यावर पहिल्यांदाच बोटांवर मोजलं. अकरा. डॉक्टरीणबाईंची भुवई वर गेली. ही बेन्झोडायझेपिन जातीची गोळी आहे, त्या म्हणाल्या, इतकी वर्षं घेतली की लक्ष आणि आठवण दोन्ही धूसर होऊ शकतात. आपण ती सोडवू, पण मनानं काही करू नका, सोमवारी या.

काकांनी यातलं ‘गोळी’ आणि ‘सोडवू’ एवढंच ऐकलं. रागानं त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. घरी येऊन त्यांनी सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि ठसा काकूंच्या हातात ठेवला. माझ्या डोक्याचं शून्य लागेपर्यंत हा मला द्यायचा नाही, मी पाया पडलो तरी द्यायचा नाही, असं बजावलं. काकूंनी सोमवारपर्यंत थांबा म्हणून पाहिलं. काकांनी त्यांना धंद्यातला पहिला धडा ऐकवला.

“वजन उचललं की काटा शून्यावर येतो. त्यात सोमवार कशाला लागतो?”

काटा शून्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी नळाचा थेंब हातोडीसारखा कानात पडू लागला, उजेड डोळ्यांत घुसू लागला आणि छातीत काहीतरी अखंड पळत राहिलं. झोपेचं तर नावच नको. चौथ्या दिवशी दुपारी गोदामवाल्याशी बोलता बोलता काका ताठ झाले, कोसळले आणि त्यांना झटका आला. दहा किलोचं वजन हातातून सुटून फरशीला खळगा पाडून गेलं. तो खळगा अजून आहे, काका तो बुजवू देत नाहीत.

शुद्धीवर आले तेव्हा ते दवाखान्यातल्या खाटेवर होते आणि गोळी पुन्हा सुरू झाली होती. दोन दिवसांनी काका बोलण्याइतके सावरल्यावर डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. त्या चिडल्या होत्या, पण चिडचिड बाजूला ठेवून त्यांनी समजावायला घेतलं. मेंदूत गाबा नावाचं एक द्रव्य असतं. पेशींना ‘शांत व्हा’ असं सांगणं हे त्याचं काम. पेशींच्या अंगावर हा निरोप घेणारे रिसेप्टर असतात. तुमची गोळी स्वतः निरोप देत नाही, ती त्याच रिसेप्टरवर बसून गाबाचा निरोप मोठा करते. पहिले काही आठवडे मेंदू निमूट ऐकतो. पण वर्षानुवर्षं रोज कुणी तेच ओरडून सांगत राहिलं, तर मेंदू आपली व्यवस्था बदलतो. रिसेप्टरवर गोळीचा असर कमी होतो, काही रिसेप्टरची घडण बदलते, काही आत ओढून घेतले जातात, आणि दुसऱ्या बाजूला जागं ठेवणारी यंत्रणा जोर धरते. म्हणून तर एकाच्या दोन गोळ्या झाल्या. यातलं सगळंच अजून शास्त्राला पक्कं ठाऊक नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

काका डोळे मिटून ऐकत होते. काकूंना वाटलं, झोपले. तेवढ्यात ते सलाइनच्या नळीसकट उठून बसले.

“अहो, हा तर पासंग!”

डॉक्टरीणबाईंना पासंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिच्या पासंगालाही तो पुरणार नाही, असं लोक म्हणतात, एवढंच त्यांच्या कानावर होतं. काकांना आणखी काय हवं होतं? त्यांनी रेघा आखायची पट्टी मागितली, तिच्या मध्याखाली पेन्सिल ठेवली आणि दोन टोकांवर चहाचे दोन रिकामे कप. तराजूचं एक पारडं जन्मतःच जड निघालं, ते सांगू लागले, तर दुसऱ्या पारड्याखाली आम्ही कायमचा छोटा भार बांधतो. तो पासंग. मग काटा मध्ये उभा राहतो. त्यांनी उजव्या कपात औषधाची बाटली ठेवली, पट्टी कलली. ही माझी गोळी. मग डाव्या कपात एकेक करत नाणी टाकली, पट्टी पुन्हा सपाट झाली. आणि हा मेंदूनं अकरा वर्षं गुपचूप बांधत आणलेला पासंग. वरून बघणाऱ्याला वाटतं काटा मध्यावर आहे, सगळं ठीक आहे.

मग त्यांनी बाटली झटक्यात उचलली. पट्टी उलटली, नाणी खाटेखाली गेली आणि एक कप फुटला. नर्स धावत आली. काका मात्र फुटक्या कपाकडे असे बघत होते, जणू त्यांना बक्षीस मिळालंय.

“मी गोळी काढली, पासंग तसाच ठेवला. पोरवयात असल्या चुकीबद्दल बापानं माझा कान पिरगाळला होता.”

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, मी सहा वर्षं शिकले ते तुम्ही एका कपात बसवलंत. एक दुरुस्ती मात्र त्यांनी केली. तराजूचा पासंग कारागीर काढतो. हा पासंग फक्त मेंदू काढू शकतो, त्याच्या वेगानं. आपण उजव्या पारड्यातून चिमूटभर काढायचं आणि तो डावीकडून चिमूटभर काढेपर्यंत वाट बघायची. वर्ष लागेल, जास्तही लागेल.

वर्ष म्हटल्यावर दुसरा कुणी खचला असता. काकांच्या अंगात मात्र वीस वर्षांचा माणूस संचारला. चिमूटभर म्हणजे किती, हा प्रश्न त्यांच्यासाठीच जन्माला आला होता. दुकानाच्या मागच्या खोलीत एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचा काचेच्या पेटीतला काटा होता, आगीतून वाचलेला एकमेव. तो मिलिग्रॅम दाखवायचा. काकांनी तो पुसला, त्याची दांडी पाण्याच्या पातळीत बसवली आणि एका पट्टीतल्या दहाही गोळ्या तोलल्या. दहांपैकी दोघींचं वजन जुळेल तर शपथ! पट्टी घेऊन ते तडक औषधवाल्याकडे गेले आणि भर दुकानात त्याला विचारलं, की हा काय भाजीचा धंदा आहे का. त्यानं हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की एवढा फरक चालतो, कारण एकशे सत्तर मिलिग्रॅमच्या गोळीत औषध असतं पाच मिलिग्रॅम, बाकी सगळी भर. त्या दिवशी काका जेवताना चार वेळा म्हणाले, एकशे पासष्ट मिलिग्रॅम भर!

घट किती करायची ते डॉक्टरीणबाई ठरवत. दर तीन आठवड्यांनी तेव्हाच्या मात्रेचा दहावा हिस्सा, आणि त्रास वाटला तर तिथेच थांबायचं. गोळी कानशीनं घासायची, उरलेला तुकडा तोलायचा. पण पहिल्याच दिवशी अडलं. पातळ पत्र्याची मिलिग्रॅमची वजनं चिमट्यानं उचलायची असतात आणि काकांच्या हातात चिमटा वाजत होता. तिसऱ्यांदा वजन निसटल्यावर त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. आयुष्यभराची विद्या हातातून गेली, याचं रडू त्यांना आलं होतं. ते त्यांनी लपवलंही नाही.

काकूंनी चिमटा उचलला. त्यांनी श्वास रोखला, वजन पारड्यात ठेवलं आणि पेटीचं दार लावलं. इतकी वर्षं ज्या बाई आवाज न करता भांडी ठेवत होत्या, त्यांच्या हातून पत्र्याचं वजन पारड्यात ठेवतानाही आवाज झाला नाही. काका वळून बघत राहिले. धंद्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसानं असा हात पाहिला नव्हता, आणि तो त्याच्याच घरात होता.

मग दोघांची धमाल सुरू झाली. धमालच म्हणायला हवी, कारण सकाळी सातला चहाआधी ही दोघं मागच्या खोलीत काचेच्या पेटीसमोर डोकं लावून बसलेली दिसायची आणि काट्याची चुळबुळ थांबली की काका पोरासारखी टाळी वाजवायचे. भिंतीवर त्यांनी आलेख लावला. खाली उतरणारी रेघ गोळीची, तिच्यामागे रेंगाळत उतरणारी तुटक रेघ पासंगाची. तुटक का, तर ती दिसत नाही, मानायची असते. भाजीवाला, गोदामवाला, शिवणवाल्या बाई, येईल त्याला काका हा आलेख समजावून सांगत. त्या वर्षी आमच्या बाजारात गाबा हा शब्द भाजीवाल्याच्याही तोंडी होता.

पाचव्या महिन्यात मात्र उत्साह अंगाशी आला. काटा नुसता मध्यावर उभा आहे, झोप लागतेय, हात थांबलाय, असं वाटून काकांनी काकूंना न सांगता दोन पायऱ्या एकदम उतरल्या. तीन दिवसांनी नळाचा थेंब पुन्हा हातोडी झाला. शेजारच्या दुकानाचं दार ओढलं तरी ते कान झाकायचे, कारण नसताना घाम फुटायचा. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधीच्या पायरीवर परत नेलं आणि तिथे महिना बसवलं. काकूंनी आलेखावरची रेघ स्वतःच्या हातानं वर चढवली आणि चटईची एकशे ऐंशी ग्रॅमची चूक तिथे शेजारी लिहून ठेवली. त्यानंतर काकांनी चोरून काही केलं नाही.

आणि हळूहळू माणूस परत येऊ लागला. आधी स्वप्नं आली, अकरा वर्षांत न आलेली. मग वास आले. नंतर एका सकाळी काकांना गोदामवाल्याच्या तिन्ही मुलींची नावं एका दमात आठवली आणि ती त्यांनी दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणून दाखवली. दहाव्या महिन्यात त्यांनी काकूंच्या हातून चिमटा घेतला. एक मिलिग्रॅमचा पत्रा उचलला, ठेवला. पारडं डुललं नाही. दोघांनीही श्वास रोखला होता. तो सुटला तसा पत्रा पेटीतून उडाला आणि दोघं तो शोधत फरशीवर रांगत, हसत राहिली.

सोळाव्या महिन्यात गोळीचा तुकडा इतका लहान झाला, की कानस लावली की त्याचा भुगाच व्हायचा आणि काटा दर वेळी वेगळं वजन दाखवायचा. काकांनी तीनदा तोलून पाहिलं. मग ते उठून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, की हे आता अंदाजेच आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली, पण काकूंना ठसा देऊ दिला नाही. तीन महिने तसंच राहून दाखवा, म्हणाल्या. काही बारीकसारीक कुरबुरी राहतील, काही जणांच्या फार काळ राहतात, हेही सांगितलं. काकांच्या कानात अधूनमधून शीळ वाजायची. तिला ते पासंगाचा शेवटचा छटाक म्हणत.

तीन महिन्यांनी दवाखान्यात बाळांच्या काट्याची तपासणी होती. काकांची सकाळपासून तीनदा दाढी करून झाली होती. शिवणवाल्या बाई आल्या होत्या आणि त्यांची मुलगी आता स्वतःच्या पायांवर खोलीभर धुमाकूळ घालत होती. काकांनी पारडं पुसलं, रबरी चटई दोन्ही हातांनी नीट बसवली, मग शून्य लावलं. वजनं चढवली, उतरवली, पुन्हा शून्य पाहिलं. चटई उचलली, परत ठेवली, पुन्हा पाहिलं. मग मान न वळवता हात मागे केला.

काकूंनी पिशवीतून एक जुना डबा काढला. त्यातून ठसा घेऊन त्या त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या, तेवढ्यात डब्यातून आणखी काहीतरी निसटून फरशीवर टणकन वाजलं. पितळेची बोटभर हातोडी होती. काकांनी ती उचलून पाहिली. असली हातोडी त्यांच्या कुठल्याच काट्याला लागत नव्हती.

“ही कशाची?”

“आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला झोप लागावी म्हणून काढून ठेवली होती.”

अकरा वर्षं आणि वर हे एकोणीस महिने घरातलं घड्याळ वाजलं नव्हतं. रोज त्याच्याशी मनगटावरचं घड्याळ जुळवून लोकांच्या तोंडावर मिनिटं फेकणाऱ्या माणसाला ते कळलं नव्हतं. काकांनी चकतीवर ठसा दाबला, पण तो दाबताना त्यांचं लक्ष हातोडीकडे होतं. शिवणवाल्या बाई पुढे झाल्या, ठशावरून बोट फिरवलं आणि मुलीला पारड्यात बसवलं. ती आता त्यात मावत नव्हती.

घरी आल्यावर काका स्टुलावर चढले आणि त्यांनी हातोडी जागेवर बसवली. दोघं खुर्च्या ओढून घड्याळासमोर बसली. चार वाजले. घड्याळानं चारही टोले भरघोस दिले, आणि दचकल्या त्या काकू. त्यांचे हात आपोआप कानांकडे गेले, मग त्या काकांकडे बघू लागल्या, जणू आता ते उठून ओरडतील. काका मजेत पाय हलवत बसले होते. त्यांनी काकूंचे हात धरून खाली घेतले आणि विचारलं, की शाळेच्या मैदानावर ती कवायत कशी घ्यायचीस, ती एकदा घेऊन दाखव.

काकूंनी तोंड उघडलं. जो आवाज आला तो तेल घातलेल्या बिजागरीइतकाच होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, या वेळी घशातून थोडा खरखरीत आवाज निघाला, आणि त्याचंच त्यांना हसू फुटलं.

“घाई नाही,” काका म्हणाले. “दर तीन आठवड्यांनी दहावा हिस्सा.”

त्यांनी भिंतीवरच्या आलेखाची मागची कोरी बाजू उलटली आणि पट्टीनं वर चढणारी एक रेघ मारायला घेतली.